पंधरा वर्षांची वॅगनआर ठेवायची का? आधी कार्पेट उचला

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वडिलांची २०११ ची पेट्रोल वॅगनआर आहे, अजून लाखभर किलोमीटरही झालेले नाहीत. गोरेगावला सोसायटीच्या कंपाउंडमध्ये उघड्यावर उभी असते. आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, संपायला चार महिने उरलेत. मेकॅनिक म्हणतो काढून टाका, वडील म्हणतात राहू दे, आणि तुम्हाला विचारायचंय की अजून पाच वर्षं ती नीट चालेल की नुसती पैसे खात बसेल.

सध्या दोघांचंही ऐकू नका. एखाद्या रविवारी पुढच्या सीटजवळचं कार्पेट उचलून बघा, मग ठरवू.

आमच्याकडे २००७ ची सँट्रो झिंग आहे, घेतल्यापासून आमच्याच घरात. २०२२ मध्ये तिचं पुन्हा पासिंग केलं (आरटीओची तपासणी करून आरसीची मुदत वाढवली) आणि ती आजही रोज दादरला जाते-येते. तिच्या आणि ओळखीपाळखीतल्या गाड्यांच्या अनुभवावरून सांगतो, मुंबईत जुनी गाडी निकालात निघते ती बहुतेक वेळा पत्र्यापायी. इंजिनाचं काय, हेड उतरवा, सील बदला, अगदी रिंगा-पिस्टनचं काम काढलं तरी माल मिळतो आणि माणूसही मिळतो. वॅगनआरच्या इंजिनाचं काम येत नाही असा मिस्त्री मुंबईत शोधून दाखवा! पण खालचा पत्रा सडला की वेल्डिंगवाला त्यावर तुकडा डकवतो, दोन पावसाळ्यांनी त्या तुकड्याच्या कडेने पुन्हा सडतं. शिवाय अपघातात मार झेलायचा तो याच पत्र्याने.

तर बघायचं कसं? रबर मॅट काढा. दाराच्या कडेची प्लास्टिकची पट्टी ओढली की निघते. तिच्याखालून कार्पेट उचला आणि त्याच्या पोटाशी जो नमदा असतो तो मुठीत दाबा. ओला लागला, किंवा कुबट वास आला, तर पाणी आत येतंय. मग स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने पत्र्यावर ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला भद्द. वरून रंग शाबूत दिसतो आणि अंगठ्याने दाबलं की पापुद्रा निघून हातात येतो, असंही होतं. तसंच डिकीत स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, बॉनेट उघडून पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या टोप्यांभोवती बघा, आणि गाडी लिफ्टवर असेल तेव्हा दाराखालचे रनिंग बोर्ड खालून चाचपा.

पाणी येतं कुठून? लोक पावसाला दोष देतात, पण डावीकडचं कार्पेट ओलं असेल तर पहिला संशय एसीवर घ्या. कूलिंग कॉइलचं पाणी बाहेर टाकणारी बारीक नळी असते, ती चिखलाने तुंबली की तेच पाणी आत, शेजारच्या सीटवाल्याच्या पायाशी उतरतं. मे महिन्यात, आभाळात ढग नसताना गाडीत पाणी दिसतं ते यामुळे. दुसरी जागा वायपरखालची जाळी. तुमच्या कंपाउंडमध्ये गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष असणारच. त्यांची बारीक पानं जाळीतून आत जाऊन निचऱ्याची भोकं बुजवतात. तिसरी जागा दारांच्या खालच्या कडेची भोकं. काचेवरून दारात उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती बुजली की दार आतून सडतं. उदबत्तीची काडी घ्या आणि मे अखेरीस एकदा, पावसाळ्यात अधूनमधून ही भोकं मोकळी करा. फुकटचं काम आहे, त्यामुळे कोणतंही गॅरेज स्वतःहून सुचवत नाही.

अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या पोटाला मारायचा संरक्षक थर, मात्र जपून. सर्व्हिसला गेलात की ते गळ्यात मारतातच. आधीच गंजलेल्या पत्र्यावर काळा फवारा मारला की गंज दिसेनासा होतो, थांबत नाही. ओल आत कोंडली जाते आणि काम उलट जोरात चालतं. करायचंच तर एप्रिल-मेमध्ये, गाडी आतून-बाहेरून कडकडीत सुकली असताना करा. आधी तारेच्या ब्रशने घासून घ्या, गंजावर कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन) लावा, मग प्रायमर, मग कोटिंग. समोर उभं राहून करून घ्या. वरळी सी फेस किंवा कार्टर रोडला राहणाऱ्यांनी तर नुसत्या साध्या पाण्याने खालून गाडी धुण्याची सवय ठेवावी, खारी हवा पावसाळ्याची वाट बघत नाही.

पत्रा ठीक निघाला तर पुढचा नंबर रबराचा. गाडी कमी चालली म्हणून लोक खूश असतात, पण रबर किलोमीटर मोजत नाही. पंधरा वर्षांत कूलंटचे होज, फॅन बेल्ट, ब्रेकचे होज, लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातलं रबर), इंजिन माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्टचे बूट (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरचं रबरी आवरण) हे सगळं कडक होतं किंवा चिरतं. यातलं जे मूळचं असेल ते एकदाच ठरवून बदलून टाका. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि माती आत, मग काही शे रुपयांच्या बुटापायी पूर्ण जॉइंट जातो. टायरवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही शाबूत असो, सहा-सात वर्षांपुढचे टायर घेऊन घाटात जाऊ नये.

तुमच्या गाडीची एक जमेची बाजू म्हणजे २०१० पासूनच्या वॅगनआरमध्ये के-१० इंजिन आहे, त्याला टायमिंग चेन (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ साधणारी साखळी) असते. आमच्या सँट्रोला किंवा जुन्या १.१ लिटरच्या वॅगनआरला टायमिंग बेल्ट असतो आणि तो मुदतीत बदलावाच लागतो, किलोमीटर झालेले असोत वा नसोत. चेनला तसं वेळापत्रक नाही, पण ती ऑइलवर जगते. म्हणून वर्षाला दोन हजार किलोमीटर झाले तरी ऑइल आणि फिल्टर वर्षाला बदलायचा.

आता पेट्रोल. पंपावर हल्ली २० टक्के इथेनॉलचं मिळतं आणि तुमची गाडी त्यासाठी बनलेली नाही. थोडं मायलेज पडणार, ते गृहीत धरा. लक्ष द्यायचं ते पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील यांच्याकडे. सर्व्हिसला गेलात की त्या वाकवून चिरा बघायला सांगा, आणि गाडीजवळ पेट्रोलचा वास आला तर उद्यावर ढकलू नका. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची सवय असेल तर ती सोडा.

खरं तर उभी राहणं हाच तुमच्या गाडीचा मोठा आजार दिसतोय. आठवड्यातून एकदा खाली जाऊन पाच मिनिटं चालू करून ठेवणं म्हणजे गाडी राखणं नव्हे. इंजिन पुरतं तापत नाही, आत ओल धरते, आठवडाभर उभ्या गाडीत बॅटरी जेवढी उतरते तेवढीही परत भरत नाही. त्यापेक्षा दहा-बारा दिवसांनी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून अर्धा-पाऊण तास एसी लावून फिरवून आणा. ब्रेकचा गंजही निघतो आणि बॉनेटखाली संसार मांडलेले उंदीरही हलतात. उंदरांसाठी तंबाखूची पानं, डांबरगोळ्या सगळं करून बघतात लोक. माझा भरवसा खालून लावलेल्या जाळीवर आणि गाडीत खाण्याचा कणही न ठेवण्यावर.

मेकॅनिकच्या दोन सल्ल्यांना ठाम नाही म्हणा. पहिला, ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, मुंबईत लागत नाही.’ लागतो. इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. तो काढला की इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ घेतं, पेट्रोल जास्त खातं आणि झीज वाढते. गाडी तापत असेल तर रेडिएटर, फॅन, वॉटर पंप बघायचा, थर्मोस्टॅट अडकत असेल तर नवा घालायचा. आणि रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको. दुसरा सल्ला, ‘दरवर्षी गॅस भरायचा असतो.’ एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. आधी गळती शोधायची, मग भरायचा. आमच्या भागातल्या एका गॅरेजने एका शेजाऱ्याला लागोपाठ उन्हाळ्यांत गॅस भरून दिला आणि शेवटी निघाली ती कूलिंग कॉइलच फुटकी.

पार्टसाठी वॅगनआरवाल्याला वणवण नाही. कंपनीचे पार्ट अजून मिळतात, नाही तर ऑपेरा हाउसची दुकानं आहेतच. दाराचं हँडल, आरसा, काच असल्या वस्तूंना कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुना माल चालतो. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचं मात्र जुनं किंवा बेनामी काही घेऊ नका. पाकीट कंपनीचं दिसलं तरी ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या, नकली पाकिटं सर्रास छापली जातात.

कागदपत्रांचं सांगतो. पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा दिल्लीचा नियम इथे लागू नाही, त्यामुळे ‘पंधरा झाली, आता भंगारात’ असं म्हणणाऱ्या एजंटाला चहा पाजून परत पाठवा. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, आरसी पाच वर्षांनी वाढते. खासगी कारची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, उशीर केला तर महिन्याला ५०० जादा, आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा. वीस वर्षांपुढच्या गाड्यांना ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झालेत, ते तुम्हाला इतक्यात नाही. गाडी अंधेरी आरटीओची, एमएच ०२ असेल तर तपासणीही तिथलीच. जाण्याआधी दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न तपासा, थकलेली ई-चलनं भरा, नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट बसवून घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती बंधनकारक आहे. आरसीवर जुन्या कर्जाची नोंद राहिली असेल तर बँकेचं पत्र आणि ती नोंद काढण्याचा फॉर्म ३५ आत्ताच मार्गी लावा, त्यातच लोकांचे महिने जातात. चेसिस नंबर कोरलेली जागाही आजच बघा. त्यावर गंज असेल तर रॉकेलच्या फडक्याने हलकेच पुसा, पॉलिश पेपर अजिबात लावू नका. आकडा पुसट झाला तर इन्स्पेक्टर अडवणारच.

विम्याला खंड पडू देऊ नका. ९० दिवसांहून जास्त खंड पडला की नो क्लेम बोनस जातो. इतक्या जुन्या गाडीला थर्ड पार्टी पुरे असं बरेच म्हणतात. गोरेगावच्या पावसात उघड्यावर उभ्या गाडीला मी तरी संपूर्ण विमा घेईन. आणि पाण्यात बुडालेली गाडी कधीही चालू करून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन तर जातंच, विमेवालाही हात वर करतो.

माझा कौल असा: कार्पेटखालचा पत्रा कोरडा आणि टणटणीत असेल तर ठेवा, रबराचं काम एकदम करून घ्या आणि पासिंगला लागा. डिकीत किंवा पायाखाली रुपयाएवढी भोकं असतील तरी चांगला डेंटिंगवाला निस्तरेल. पण रनिंग बोर्ड किंवा सस्पेन्शन जिथे बसतं तो भाग सडला असेल तर वडिलांना समजावून गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या आणि आरसी रद्द झाल्याचा कागद हातात घ्या. गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका, गाडी कागदावर तुमच्याच नावाने फिरत राहील.

रविवारी फोटो काढाल तेव्हा रनिंग बोर्डाचा खालून, जॅक लावतात त्या जागेचा जवळून घ्या. तो बघितला की नक्की सांगता येईल.