२३ गाइड, ११ रकाने आणि एक मुलगी

(सांगली जिल्ह्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं पत्र, थोडक्यात: "मुलगी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या सत्रात आहे. आम्ही पीएचडी करायचं ठरवलं आहे. गूगल स्कॉलर या शोधपेपरांच्या साइटवरून २३ गाइडची माहिती काढून एक्सेल शीट केली आहे, सोबत जोडतो. तिचा प्रोजेक्ट विहिरींच्या पाण्यावर आहे आणि तिला त्यातच पुढे जायचंय, पण त्या विषयात सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरमध्ये दिलेले संदर्भ, नाहीत. कॅन्सर किंवा नॅनोपार्टिकल घ्यावं असं माझं मत. प्रोफाइल मजबूत व्हावी म्हणून एका एजन्सीमार्फत रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या, पेपरमध्ये लेखक म्हणून तिसरं नाव घ्यायचा विचार आहे. १८ हजार सांगतात, स्कोपस या पेपरांच्या सूचीत येण्याची गॅरंटी देतात. घ्यावं का? शीटमधला कोणता गाइड निवडावा? ती हल्ली घरात फारशी बोलत नाही.")

सप्रेम नमस्कार.

शेवटचं वाक्य तुम्ही बहुधा जाता जाता लिहिलंत. मी तिथेच अडकले. अडीच पानी पत्रात मुलीच्या मनाबद्दल तेवढंच एक वाक्य आहे, बाकी सगळं गाइडबद्दल. आणि वर "आम्ही पीएचडी करायचं ठरवलं आहे". पीएचडी 'आम्ही' करत नसतो हो. सकाळी आठला इन्क्युबेटर उघडायला, प्लेटवर भलतीच बुरशी उगवली म्हणून तीन आठवड्यांचं काम फेकून द्यायला आणि रविवारी कल्चर बदलायला ती एकटीच जाणार आहे. पाच-सहा वर्षं.

शीट मी पूर्ण पाहिली. नेटकी आहे, बँकेतली शिस्त दिसते. एकूण सायटेशन, गेल्या पाच वर्षांतली सायटेशन, एच-इंडेक्स (तो काय, ते खाली सांगते), आय-टेन (किमान दहा सायटेशन मिळालेले पेपर किती), पेपरची संख्या असे ११ रकाने, उतरत्या क्रमाने लावलेले, पहिल्या पाच नावांना हिरवा रंग. या ११ रकान्यांत 'विषय' हा रकाना नाही. हा माणूस कशावर काम करतो, हे २३ पैकी एकाही नावापुढे लिहिलेलं नाही. दहावीला टक्के, बारावीनंतर सीईटीचा पर्सेंटाइल, मग सीजीपीए. मुलीचे आकडे संपले तेव्हा तुम्ही दुसऱ्यांचे आकडे आणलेत. मार्कांचं ओझं मुलांवर टाकणारे पालक मला रोज भेटतात. गाइडच्या मार्कांचं ओझं मुलीवर टाकणारे तुम्ही पहिलेच.

आता ते आकडे. तुमच्या यादीत सातव्या क्रमांकावर एच-इंडेक्स ७१ असलेले जे गाइड आहेत, त्यांची प्रोफाइल मी उघडली. दातांच्या रूट कॅनालचे पेपर, त्याखाली उसाच्या पाचटाचे, त्याखाली मधुमेहाचे. एवढा हरहुन्नरी माणूस नसतो. आडनाव आपल्याकडे गावोगावी सापडणारं, आद्याक्षर तेच, त्यामुळे तीन-चार माणसांचे पेपर एकाच खात्यात जमा झालेत. चुकीच्या खात्यात जमा झालेली रक्कम म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगू! तिसऱ्या क्रमांकाचं वेगळंच. त्यांची निम्म्याहून जास्त सायटेशन दोन-तीन जागतिक पाहण्यांतून आली आहेत. 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या नावाने 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जे पेपर येतात, त्यांवर लेखकांची नावं शेकड्यांनी असतात आणि सायटेशन हजारांनी. काम खरं असतं, मोलाचंही असतं. पण त्यातलं एक नाव म्हणजे तुमच्या मुलीला प्रयोग शिकवणारा माणूस, असं होत नाही.

एच-इंडेक्स ही कल्पना २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडली. २० पेपर प्रत्येकी किमान २० वेळा उद्धृत झाले की एच-इंडेक्स २०. हा आकडा वाढतो किंवा थांबतो, खाली कधी येत नाही. म्हणजे सेवाज्येष्ठता त्यात आपोआप धरलेली. तुमच्या हिरव्या रंगातले पाचही जण निवृत्तीच्या आसपासचे आहेत, तुमची लेक दुसऱ्या वर्षाला असताना त्यांचा निरोप समारंभ होईल. तळाला एच-इंडेक्स ९ असलेल्या एक मॅडम आहेत, ज्यांच्या नावापुढे तुम्ही फुली मारलीत. त्यांना लॅब सुरू करून चार वर्षं झालीत आणि त्यांच्या प्रत्येक पेपरवर पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे. जीवशास्त्रात लेखकांची नावं ओळीने वाचायची असतात: पहिलं नाव सहसा ज्याने प्रत्यक्ष प्रयोग केले त्याचं, शेवटचं लॅबप्रमुखाचं. तुम्ही बेरीज केलीत, क्रम पाहिला नाहीत.

मुलीला एक विचारा, लॉरी पद्धत केलीस का? प्रॅक्टिकलला केलीच असणार. टेस्ट ट्यूबमध्ये कॉपर सल्फेटचं अल्कधर्मी द्रावण, मग फोलिन रीएजंट, हळूहळू चढणारा निळा रंग आणि कलरीमीटरवरचं रीडिंग. नमुन्यात प्रथिन किती, ते कळतं. ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा हा १९५१चा पेपर विज्ञानाच्या इतिहासात सर्वांत जास्त उद्धृत झालेला, तीन लाखांहून जास्त वेळा. कारण साधं आहे, प्रत्येकाला प्रथिन मोजावं लागतं. 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाने २०१४ साली सर्वाधिक सायटेशनच्या १०० पेपरची यादी छापली, त्यात वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेचा १९५३चा पेपर नाही. तुमच्या एक्सेलने डीएनएवर फुली मारली असती.

"पाण्यात सायटेशन नाहीत" या तुमच्या वाक्याला मात्र नीट उत्तर द्यायला हवं, कारण मुलीचं बोलणं बहुधा तिथेच बंद झालं. सायटेशन किती मिळणार, हे त्या विषयात किती माणसं पेपर लिहितात आणि मागे किती लांब संदर्भयादी जोडतात यावर ठरतं. कॅन्सरमध्ये जगभर प्रचंड मनुष्यबळ आहे, ग्रामीण पाणी तपासणीत मूठभर. सांगलीच्या गणपती पेठेतल्या दुकानात आणि तुमच्या गावच्या दुकानात गिऱ्हाइकं मोजून माल कुणाचा चांगला, हे तुम्ही ठरवाल का?

कोलकात्यात शंभुनाथ डे नावाचे डॉक्टर होते. कॉलऱ्याचा जंतू माणसाला मारतो कसा, हा त्यांचा प्रश्न. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात त्यांनी जंतू पूर्ण गाळून काढलेलं द्रावण टोचलं. जंतू एकही नाही, तरी आतडं पाण्याने टम्म फुगलं. म्हणजे जंतू जे विष सोडतो, ते शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं. १९५९ साली 'नेचर'मध्ये पेपर आला आणि बरीच वर्षं त्याची म्हणावी तशी दखल कुणी घेतली नाही. डे १९७३ साली निवृत्त झाले. १९७८ साली नोबेल परिसंवादाचं बोलावणं आलं आणि १९८५ साली ते गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कामावर सविस्तर लिहिलं ते यूजीन गारफिल्ड यांनी, म्हणजे ज्या गृहस्थांनी सायटेशन मोजण्याचा हा सगळा उद्योग सुरू केला, त्यांनीच. दूषित पाणी, कॉलरा, हगवण हा तुमच्या मुलीच्या प्रोजेक्टचाच भाऊबंद विषय आहे. तिला डे माहीत असतील, तुम्ही विचारलं तर सांगेल.

आणखी जवळचं सांगते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ साली ते 'लान्सेट'मध्ये छापून आलं. पुढे आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बाळांची तपासणी देशभर सुरू झाली, ती याच वाटेने. आशाताई वजनकाटा घेऊन दारात येते तेव्हा ती कुणाला सायटेशन देत नाही. तुमच्या शीटमध्ये हे कुठल्या रकान्यात बसवाल?

आता १८ हजारांचं. नाही. हे रेल्वेचं आरक्षण नाही, की खिडकीची सीट मिळाली नाही तर मधली घेतली. ज्या पेपरचं एक अक्षर तिने लिहिलं नाही, त्यावर तिचं नाव घालणं ही फसवणूक आहे, मग तो स्कोपसमध्ये असो नाहीतर आणखी कुठे. असे पेपर पकडले जातात आणि मागे घेतले जातात. मागे घेतलेला पेपर नाहीसा होत नाही, 'रिट्रॅक्टेड' या शिक्क्यासह नावासकट तसाच दिसत राहतो. पकडला नाही गेला तरी मुलाखतीत समोरची मंडळी पहिला प्रश्न त्याच पेपरवर विचारतात: हा तक्ता कसा केला, हेच अभ्यास का निवडले? एका मुलाला या प्रश्नावर घाम फुटल्याचं मी ऐकलं आहे. तो चांगला मुलगा होता, पैसे वडिलांनी भरले होते.

शिवाय याची गरजच नाही. पीएचडीच्या प्रवेशासाठी पेपर लागतो, हा गैरसमज अशाच एजन्सी पसरवतात. प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्तीसुद्धा नोव्हेंबर २०२२च्या नियमांत निघाली, काही विद्यापीठं स्वतःची अट ठेवतात, तेवढं पाहायचं. वाट ओळखीचीच आहे, देशपातळीवरच्या परीक्षांची: सीएसआयआर नेट, डीबीटीची बेट, आयसीएमआरची जेआरएफ, गेट, जीबिल्स. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७ हजार, तुमच्याकडे मागायची वेळ येणार नाही.

गाइड कोणता, हा तुमचा प्रश्न. मी नाव सांगणार नाही, कारण तो प्रश्न तुमचा नाहीच. पण कसा शोधायचा ते सांगते, आणि हे शीट तिच्या हाती द्या. तिने प्रत्येकाचे शेवटचे तीन पेपर वाचावेत, निदान सारांश आणि पद्धती. जे वाचताना झोप आली ते नाव खोडावं, एच-इंडेक्स कितीही असो. उरलेल्या चार-पाच लॅबमधल्या विद्यार्थ्यांना तिने स्वतः फोन करावा. सर महिन्यातून किती वेळा भेटतात? पाच वर्षांत किती जण सोडून गेले? सोडलेले कुठे आहेत? पेपरवर पहिलं नाव कुणाचं जातं, त्यावर भांडणं होतात का? तुम्ही शाखेची तपासणी करताना नुसत्या ठेवी पाहत नव्हतात, थकीत कर्जं आधी काढत होतात. सोडून गेलेले विद्यार्थी ही त्या लॅबची थकबाकी आहे, आणि ती कुठल्याही प्रोफाइलवर दिसत नाही.

आणखी एक शक्यता, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही. तिने लगेच पीएचडी न करता एक वर्ष काम केलं तर? नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी आणि विद्यापीठांच्या प्रकल्पांत एम.एस्सी. झालेल्यांना प्रोजेक्टवर घेतात, जाहिराती संकेतस्थळांवर येतात. पाण्याचे नमुने दिवसाला पाचऐवजी पन्नास आले की आवड टिकते का, हे वर्षभरात कळतं. नाही टिकली तर पाच वर्षं वाचली. वर्ष वाया जातं म्हणाल, पण मधेच सोडलेली पीएचडी कशी दिसते, ते मी पाहते.

पुढचं पत्र तिने लिहावं, दोन ओळींचं चालेल, तुम्ही न वाचता पाठवलेलं. आणि त्या एजन्सीला काही कळवू नका, नंबर ब्लॉक करा. आगाऊ रक्कम दिली असेल, तर ती बुडीत खात्यात टाका.