शेंडे वाळतायत, पण बुरशीच आहे का?

प्रश्न: जंगलात एकाच जातीच्या बऱ्याच झाडांचे शेंडे वरून खाली वाळत चाललेत, वाळलेल्या फांद्यांवर बारीक काळे ठिपकेही आहेत. हा बुरशीचा डायबॅकच ना? आणि कोणती बुरशी ते कसं ओळखायचं?

उत्तर: एकाच जातीची झाडं वाळतायत म्हणजे रोगाचा संशय घ्यायला जागा आहे. सगळ्याच जाती एकदम वाळल्या असत्या तर मी आधी साचलेलं पाणी, दुष्काळ, तणनाशक असलं काहीतरी तपासायला सांगितलं असतं. पण त्या काळ्या ठिपक्यांवर जाऊ नका, मेलेल्या लाकडावर कुठली ना कुठली बुरशी येतेच, फांदी भलत्याच कारणाने मेली आणि ही मागून आली असं खूपदा असतं.

खरी गंमत मेलेला आणि जिवंत भाग जिथे भेटतात तिथे आहे. तिथली साल धारदार चाकूने हलकेच खरवडा, जिवंत साल आतून ओलसर हिरवट दिसते आणि रोगट भाग तपकिरी, बुरशी असेल तर मधली रेघ बऱ्याचदा एकदम ठळक असते. मग तिथेच फांदी आडवी कापून बघा. कापावर पाचरीच्या आकाराचा तपकिरी डाग दिसला तर बॉट्रिओस्फेरिया गटातल्या बुरशीचा संशय घ्या. ही धडधाकट झाडातही गुपचूप राहते आणि झाडाला पाण्याचा ताण बसला की उचल खाते, त्यामुळे दुष्काळ की बुरशी याचं उत्तर कधीकधी दोन्ही असं असतं. शेंडा वाळला तरी बुंध्याशीही बघाच, सालीखाली पांढरा पापुद्रा आणि मशरूमचा वास असेल तर आर्मिलेरिया ही मुळं कुजवणारी बुरशी, म्हणजे खरं दुखणं खाली मुळात आहे.

नाव मात्र लॅबशिवाय पक्कं होत नाही. युरोपात अ‍ॅशची झाडं १९९२ च्या सुमारास पोलंडमध्ये मरायला लागली, बुरशीचं वर्णन २००६ मध्ये झालं, आणि पुढे तिला तिथल्याच पानगळीवर वाढणारी निरुपद्रवी हायमेनोसायफस अल्बिडस समजलं गेलं, कारण दोघी दिसायला जवळपास सारख्या. डीएनए तपासल्यावर कळलं की ही वेगळीच, आता तिला हायमेनोसायफस फ्रॅक्सिनियस म्हणतात. तज्ज्ञांचं असं होतं तर मोबाईलवरच्या फोटोवरून कोणी छातीठोक नाव सांगत असेल तर कृपया विश्वास ठेवू नका.

नमुना पाठवताना पूर्ण वाळकी काडी नको, अर्धी जिवंत अर्धी मेलेली फांदी घ्या, दोनतीन झाडांवरून, कागदात गुंडाळा (प्लॅस्टिकमध्ये घाम येऊन भलतीच बुरशी वाढते), गारव्यात ठेवा आणि लगेच पोचवा. प्रत्येक झाडानंतर चाकू ७० टक्के अल्कोहोलने पुसायचा, नाहीतर रोग तुमच्याच हाताने पुढच्या झाडाला जाईल.