इम्प्लांटची भीती आणि गुंगीचं औषध: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दाढ काढताना दोनदा इंजेक्शन देऊनही प्राण कंठाशी आले होते. आता तिथेच इम्प्लांट (गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू), म्हणजे थेट हाडाला भोक! मला पूर्ण झोपवूनच करता येणार नाही का?

उत्तर: येतं. पण आधी एक सांगा, ती दाढ तेव्हा सुजली होती का, पू झाला होता का? पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि बधिर करणारं औषध तिथे नीट लागू पडत नाही. बहुतेकांच्या मनात बसलेली कळ ही अशा पेटलेल्या दाताची असते. तुमची जागा आता भरून आलेली, शांत आहे. तिथे तेच बधिर करणारं औषध, लिग्नोकेन, मुकाट काम करतं. हाडापेक्षा हिरडी आणि हाडावरचं पातळ आवरण जास्त दुखरं. ते बधिर झालं की ड्रिलचा दाब जाणवतो, थरथर जाणवते, गार सलाईन गालात साचतं आणि आवाज कवटीत घुमतो. कळ येत नाही.

त्या आवाजानंच घाम फुटत असेल तर गुंगी जरूर घ्या. फक्त गफलत नको: गुंगी भीती घालवते, दुखणं नाही. हिरडीतलं इंजेक्शन त्यातही लागतंच. पूर्ण भूल मी एका इम्प्लांटसाठी सुचवत नाही. मोठं हाडरोपण असेल किंवा पेशंटला तोंड उघडून पडून राहणंच शक्य नसेल, तर गोष्ट वेगळी.

प्रश्न: लाफिंग गॅस, गोळी की शिरेतलं इंजेक्शन? फरक काय?

उत्तर: गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साईड, ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या मास्कमधून. १८४४ मध्ये होरेस वेल्स या दंतवैद्यानं स्वतःचाच दात यावर काढून घेतला होता. दोनचार मिनिटांत अंग हलकं होतं, प्रमाण हवं तसं कमीजास्त करता येतं, शेवटी काही मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की डोकं ताळ्यावर. अडचण अशी की वरच्या पुढच्या दातांचं काम असेल तर मास्क हाताच्या आड येतो. आणि सर्दीनं नाक चोंदलेलं असेल तर गॅसचा उपयोग नाही.

गोळी सगळ्यांना सोपी वाटते. माझा तिच्यावर सगळ्यात कमी भरवसा. तासभर आधी ती घेतली, की पुढे तिचा डोस नेमका जमवता येत नाही. तीच गोळी घेऊन एकजण टक्क जागा आणि दुसरा खुर्चीत घोरतोय, असं होतं. आदल्या रात्री झोप लागावी म्हणून मात्र ती चांगली.

शिरेतून बहुधा मिडाझोलम देतात, एकेक मिलिग्रॅम, मध्ये दोनेक मिनिटं थांबून. मी तेव्हा पेशंटच्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे बघतो. घाबरलेल्या माणसाचे अंगठे वर ताणलेले असतात. दुसऱ्यातिसऱ्या मिलिग्रॅमला ते सैल पडतात, मॉनिटरची टिकटिक संथ होते. पापण्या जड, पण ‘तोंड उघडा’ म्हटलं की उघडतात. टाके घालून झाल्यावर ‘सुरू कधी करणार?’ असं विचारणारे मला अनेक भेटलेत, कारण हे औषध मधली आठवणच पुसतं. फ्लुमाझेनिल हा त्यावर उतारा आहे. मात्र त्याचा असर मिडाझोलमच्या आधी ओसरू शकतो, म्हणून उतारा दिलेल्या माणसाला लगेच घरी सोडायचं नसतं.

प्रश्न: बाबा ७२ वर्षांचे आहेत. बीपी, शुगर दोन्ही आहे आणि घोरतात प्रचंड. त्यांना चालेल का?

उत्तर: मला सगळ्यात खटकतं ते घोरणं. झोपेत मध्येच श्वास अडकतो का, दचकून उठतात का, हे आईंना विचारा. तसं असेल तर शिरेतली गुंगी भूलतज्ज्ञ हजर असल्याशिवाय नको. या वयात औषध कमी लागतं आणि रेंगाळतं जास्त. चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स आणि काही बुरशीविरोधी औषधं मिडाझोलमचा असर वाढवतात. झोपेची गोळी किंवा दारू रोजची असेल तर तेही लपवू नका. उपाशीपोटी शुगरची गोळी घेतली तर साखर उतरू शकते, तेव्हा त्या दिवशीचा डोस आधीच विचारून घ्या आणि वेळ सकाळची मागा.

प्रश्न: मी एकटी राहते. काम झालं की टॅक्सी करून घरी गेले तर?

उत्तर: नुसत्या गॅसवर काम झालं असेल आणि डॉक्टरांनी तपासून सोडलं, तर बहुधा चालतं. गोळी किंवा शिरेतलं औषध घेतलं असेल तर नाही. टॅक्सीचालक ही सोबत नव्हे. मैत्रिणीला रात्रीपुरतं बोलवा. २४ तास गाडी चालवायची नाही आणि कुठल्याही कागदावर सही नाही. आधी सहा तास जेवण बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. नेलपॉलिश काढून या, बोटावरच्या ऑक्सिमीटरला ते आड येतं.

प्रश्न: दवाखान्यात नेमकं काय विचारू?

उत्तर: एवढंच की, ‘काम चालू असताना माझ्या श्वासाकडे कोण बघणार?’ उत्तरात ड्रिल हातात नसलेला, त्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस हवा. ऑक्सिजन आणि उतारा खोलीतच हवा. ड्रिल धरणारा आणि गुंगीवर लक्ष ठेवणारा माणूस एकच असेल, तर मी स्वतः त्या खुर्चीत बसणार नाही.

प्रश्न: औषधाशिवायच निभावता येईल का?

उत्तर: पुष्कळांचं निभावतं. डॉक्टरांशी आधीच ठरवा: डावा हात वर केला की ड्रिल थांबणार. पहिल्या पाच मिनिटांत एकदा उगीचच वर करून बघा.