९८ टक्के ‘हो’ म्हणाले, तरी देश का नाही झाला?

प्रश्न: सर, मी नागपूरला लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नागोर्नो-काराबाखनं २००६ ला स्वतःच्या संविधानावर सार्वमत घेतलं, ९८ टक्क्यांच्या वर लोक हो म्हणाले, तरी मान्यता का नाही मिळाली? मित्र म्हणतो मग वेगळ्या विदर्भासाठी मतदान घेऊन तरी काय होणार. – एक वाचक, प्रतापनगर

उत्तर: आधी काराबाखचं बघू. सोव्हिएत काळात हा भाग अझरबैजानमध्ये होता पण १९८९ च्या जनगणनेत तिथले तीन चतुर्थांश लोक आर्मेनियन, त्यांनी १० डिसेंबर १९९१ ला स्वातंत्र्याचं सार्वमत घेतलं, मग युद्ध पेटलं, अन् बरोबर पंधरा वर्षांनी त्याच तारखेला संविधानाचं मतदान ठेवलं. आता राहिलेले अझेरी, म्हणजे अझरबैजानी वंशाचे लोक? १९९१ ला त्यांनी बहिष्कार टाकला, २००६ ला तर ते तिथं नव्हतेच, युद्धात त्यांना घरं सोडावी लागली, शूशा शहरात तर आधी बहुसंख्य तेच होते ना. म्हणून मी टक्केवारीच्या आधी मतदार यादी बघतो. ज्याचं नावच यादीत नाही त्याचं ‘नाही’ मोजणार कोण?

संविधानानं संसद, कोर्ट, कारभार आतल्या आत उभा होतो, मान्यता मात्र बाहेरच्यांनी द्यायची असते, अन् सुरक्षा परिषदेच्या १९९३ च्या ठरावांत हा भाग अझरबैजानचाच धरला होता. खुद्द आर्मेनियानं पण अधिकृत मान्यता दिली नाही. २०१७ ला परत सार्वमत झालं, अध्यक्षीय पद्धत आली, आर्तसाख नाव घेतलं. अन् सप्टेंबर २०२३ ला अझरबैजानच्या हल्ल्यानंतर एक लाखाच्या वर आर्मेनियन काही दिवसांत घरदार टाकून निघून गेले, म्हणजे दोन्हीकडचे लोक देशोधडीला लागले, याचं मला फार वाईट वाटतं. १ जानेवारी २०२४ पासून ते प्रजासत्ताक कागदावर पण नाही.

विदर्भाचं तसं नाही बाप्पा. राज्य वेगळं मागणं म्हणजे देश वेगळा मागणं नव्हे, आपल्या संविधानाच्या कलम ३ खाली संसद साध्या बहुमतानं करू शकते, विधानसभेचं मत मागवतात पण ते बंधनकारक नाही, सार्वमताची अट तर कुठंच नाही. तरी मतदान फुकट जातं असं मित्राला म्हणू देऊ नको. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावर १६ जानेवारी १९६७ ला तिथल्या लोकांना विचारलं होतं, त्यासाठी संसदेनं आधी वेगळा कायदाच केला, अर्ध्याहून जास्त लोक नाही म्हणाले अन् विलीनीकरण तिथंच थांबलं.