वाचकांचे प्रश्न : बोरूचा ठसा आणि संगणकावरचा ब्रश

प्रश्न : मी अनेक वर्षे बोरूने, म्हणजे तिरप्या टोकाच्या लेखणीने, देवनागरी सुलेखन करतो. यंदा आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेची शीर्षके संगणकावरच लिहावीत, या विचाराने बोरूने ओढलेली एक रेघ स्कॅन करून मी फोटोशॉप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा ब्रश (पडद्यावर उमटवण्याचा ठसा) तयार केला. एकदाच क्लिक केले तर तो स्वच्छ उमटतो, पण ओढू लागलो की अक्षराभोवती राखाडी पट्टा येतो आणि वळणावर रेघ तुटक, ओबडधोबड दिसते. म्हणून मी एक तयार कॅलिग्राफी ब्रश विकत घेतला, तर त्याने लिहिलेले ‘ठ’ आणि ‘व’ परके वाटतात. माझे कुठे चुकते?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : आपण पत्रासोबत पाठवलेले स्कॅन मी उघडून पाहिले. आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत, म्हणून त्यांचा उलगडाही वेगवेगळा करतो.

प्रथम राखाडी पट्ट्याविषयी. फोटोशॉप ब्रशचा ठसा फक्त राखाडी छटांमध्ये साठवते. काळा भाग पूर्ण रंग सोडतो, पांढरा भाग काहीच सोडत नाही आणि मधल्या छटा त्या-त्या प्रमाणात रंग सोडतात. आपल्या कार्ट्रिज कागदाचा रंग डोळ्यांना पांढरा दिसतो, परंतु स्कॅनमध्ये त्याचे मूल्य २५५ (पूर्ण पांढरे) नसून २५०च्या आसपास आहे आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात तर ते आणखी उतरले आहे. २५० म्हणजे सुमारे दोन टक्के रंग. एका क्लिकमध्ये हे दोन टक्के दिसतही नाहीत. मात्र ब्रशची रेघ ही प्रत्यक्षात एकावर एक पडणाऱ्या ठशांची रांग असते, आणि स्पेसिंग, म्हणजे दोन ठशांमधले अंतर, अगदी कमी ठेवले असेल तर एकाच जागेवर हे दोन टक्के पुनःपुन्हा साचत जातात. समजा एका ठिकाणी शंभर ठसे पडले, तर तेथे सुमारे ८७ टक्के रंग जमा होतो. आपल्याला दिसणारा पट्टा हा असा साचलेला कागद आहे.

यावर उपाय असा की स्कॅन ग्रेस्केलमध्ये (फक्त राखाडी छटांमध्ये) नेऊन लेव्हल्स (काळ्या-पांढऱ्याची पातळी जुळवण्याची खिडकी) उघडावे आणि उजवीकडचा पांढरा त्रिकोण डावीकडे सरकवत कागद पूर्ण पांढरा करावा. डोळ्यांवर विसंबू नये. वर तात्पुरता थ्रेशोल्डचा थर घालून त्याचे मूल्य २५५ ठेवावे, म्हणजे जे काही पूर्ण पांढरे नाही ते सारे काळे होऊन समोर येईल. कागदाचे तंतू, बोटांचे डाग, शाईचे शिंतोडे असे सगळे त्यात दिसते. ते पांढऱ्या रंगाने पुसून थ्रेशोल्डचा थर काढून टाकावा आणि मगच ‘डिफाइन ब्रश प्रीसेट’ करावे, म्हणजे ठसा ब्रश म्हणून नोंदवावा. निवडलेला भाग २५०० गुणिले २५०० पिक्सेलच्या आत असावा. ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केलेले ए-४ पान रुंदीलाच ४९६० पिक्सेलच्या आसपास भरते, म्हणून ठशापुरताच भाग निवडणे आवश्यक आहे.

दुसरी अडचण माझ्या मते अधिक मूलभूत आहे. आपण बोरूची रेघ स्कॅन केली, पण ब्रशला रेघ नको असते, त्याला बोरूचा एक स्पर्श हवा असतो. हात फिरवून रेघ तयार करण्याचे काम सॉफ्टवेअर स्वतः करणार आहे. त्याला दोन इंचांची तयार रेघ दिली, तर वळणावर ती अख्खी रेघच पुनःपुन्हा उमटते आणि अक्षर ओबडधोबड होते. म्हणून बोरू शाईत बुडवून, जादा शाई टिपकागदावर निथळून, तो कागदावर न ओढता फक्त टेकवून उचलावा. टोकाच्या कातेची (तिरप्या कापाची) एक बारीक, किंचित खडबडीत पट्टी उमटेल. असे आठ-दहा ठसे घ्यावेत आणि ज्याच्या कडा जिवंत वाटतील तो निवडावा. स्पेसिंग मुळात २५ टक्के असते. ते एक-दोन टक्क्यांवर आणले की रेघ सलग होते.

आता ‘ठ’ आणि ‘व’ परके का वाटतात, ते पाहू. बाजारात मिळणारे बहुतेक कॅलिग्राफी ब्रश रोमन अक्षरांसाठी केलेले असतात. रोमन लिपीच्या रुंद निबची (लेखणीच्या टोकाची) धार डावीकडून खालून उजवीकडे वर चढते. देवनागरीसाठी बोरूची कात नेमकी उलट, म्हणजे डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणारी ठेवतात. त्यामुळे आपल्या ‘ठ’चे वर्तुळ वर डावीकडे आणि खाली उजवीकडे भरदार, तर वर उजवीकडे आणि खाली डावीकडे बारीक होते. रोमन ब्रशने ते नेमके उलटे पडते. अक्षराची घडण बरोबर असूनही ते आपले वाटत नाही, याचे कारण हे आहे, आणि ते आपल्या नजरेला जाणवले याचा मला मनापासून आनंद झाला. विकत घेतलेल्या ब्रशमध्ये ‘ब्रश टिप शेप’खाली ‘फ्लिप एक्स’वर खूण केली की धार उलटी होते. साधा गोल ब्रश चपटा करून वापरायचा असेल, तर राउंडनेस (गोलाई) दहा टक्क्यांच्या आसपास आणि अँगल (कोन) उणे ४५ अंश ठेवावा. नंतर आपल्या हाताच्या सवयीप्रमाणे त्यात थोडा फरक करावा.

शेप डायनॅमिक्समध्ये (ओढताना ठसा कसा बदलावा हे ठरवणाऱ्या भागात) अँगलचे नियंत्रण मात्र ‘ऑफ’ असलेच पाहिजे. ते ‘डायरेक्शन’वर राहिले तर ब्रशचे टोक हाताच्या दिशेबरोबर फिरत जाते, आणि बोरू एकाच कोनात धरल्यामुळे जी जाडी-बारीकी मिळते ती नाहीशी होते.

प्रश्न : माझा ब्रश अचानक आकार दाखवेनासा झाला आहे, फक्त फुली दिसते. सॉफ्टवेअर पुन्हा टाकूनही फरक पडला नाही.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : कीबोर्डवरील कॅप्स लॉक सुरू आहे का, ते पाहावे. ते सुरू असताना फोटोशॉप आकाराऐवजी फुली दाखवते.

प्रश्न : मी विद्यार्थिनी आहे आणि गिंप हे चित्रांचे सॉफ्टवेअर वापरते. पैठणीच्या पदरावरच्या मोराचा ब्रश केला, पण कोणताही रंग निवडला तरी मोर काळाच उमटतो.
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : आपले चित्र आरजीबीमध्ये, म्हणजे रंगीत स्वरूपात, असताना ब्रश म्हणून साठवले गेले असणार. गिंपमध्ये अशा ब्रशसोबत त्याचे स्वतःचे रंगही साठवले जातात आणि निवडलेला रंग तो घेत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा मोर ठेवून चित्र ग्रेस्केलमध्ये न्यावे, थराचे अल्फा चॅनेल (पारदर्शकतेची माहिती) काढून टाकावे आणि जीबीआर या गिंपच्या ब्रश-स्वरूपात निर्यात करावे. फाइल गिंपच्या ब्रशेस फोल्डरमध्ये ठेवून ब्रशच्या यादीखालचे रिफ्रेशचे बटण दाबावे. पदरावरची मूळ रंगसंगती जशीच्या तशी हवी असेल, तर आरजीबी आणि अल्फा दोन्ही राखूनच ब्रश करावा. तेव्हा आपण आता जिला दोष समजत आहात तीच गोष्ट उपयोगी पडेल. मैत्रिणीकडून फोटोशॉपची एबीआर (ब्रश साठवण्याची) फाइल मिळाली तर गिंप तीही वाचते, परंतु त्यातून ठशाचा आकार मिळतो, पेनच्या दाबाची मांडणी मिळत नाही. ती डायनॅमिक्समध्ये नव्याने करावी लागते.

प्रश्न : गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि सकाळपासून फोटोशॉपमध्ये केलेले सहा नवे ब्रश दुपारी यादीत नव्हते. ते परत मिळतील का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : ते परत मिळण्याची शक्यता फार थोडी आहे, हे सांगताना वाईट वाटते. फोटोशॉप ब्रशची यादी नीट बंद होताना साठवते. वीज गेली किंवा सॉफ्टवेअर मध्येच कोसळले, तर त्या बैठकीतील भर नोंदली जात नाही. यापुढे दोन-तीन ब्रश झाले की ते निवडून ‘एक्स्पोर्ट सिलेक्टेड ब्रशेस’ करावे आणि एबीआर फाइल पेन ड्राइव्हवरही ठेवावी. ज्या स्कॅनमधून ठसा घेतला, ते स्वच्छ केलेले स्कॅनही त्याच फोल्डरमध्ये असावे, कारण ब्रश पुन्हा हरवला किंवा मोठ्या फलकासाठी अधिक मोठा ठसा लागला, तर तो त्याच स्कॅनमधून पाच मिनिटांत काढता येईल.