विंडोज आणि लिनक्सवाले एकाच रेपोत (गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनातल्या सामायिक साठ्यात) आहेत. एक ओळ बदलली तरी गिट अख्खी फाइल बदललेली दाखवतं. उपाय काय?
रेपोच्या मुळाशी '.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' फाइल ठेवा, तिच्यात '* टेक्स्ट=ऑटो' लिहा (म्हणजे गिट रेपोत ओळींचे शेवट एकसारखे ठेवतं) आणि कमिट करा, म्हणजे हा बदल रेपोत नोंदवा. विंडोजवर ओळ सीआर-एलएफ (ओळ संपल्याची न दिसणारी चिन्हं) अशा 2 बाइट्सनी संपते, लिनक्सवर फक्त एलएफने. एडिटरने ओळींचे शेवट बदलले की गिटला प्रत्येक ओळ नवी वाटते. 'कोअर.ऑटोसीआरएलएफ' हे ओळींचे शेवट आपोआप बदलणारं सेटिंग ज्याच्या-त्याच्या मशीनपुरतं, एकजण विसरला की पुन्हा गोंधळ. वरची '.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' फाइल मात्र रेपोबरोबर सगळ्यांकडे जाते, म्हणून मी तिच्यावरच भर देईन. जुन्या फाइलींसाठी एकदाच 'गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइझ .' चालवा (त्याने त्यांच्या ओळींचे शेवटही या नियमात बसतात) आणि तो कमिट वेगळा ठेवा; त्यात दुसरा बदल मिसळला तर रिव्ह्यू करणाऱ्याचे हाल होतात. फक्त शेल स्क्रिप्टना त्याच फाइलीत 'ईओएल=एलएफ' (शेवट नेहमी एलएफच) सक्तीने लावा, कारण पहिल्याच ओळीत सीआर राहिला तर लिनक्सला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) सापडत नाही.