लग्नाला आठ महिने झाले, पण संबंधाच्या वेळी भिंत लागल्यासारखं होतं आणि असह्य दुखतं. डॉक्टर योनीच्या पडद्याचं छोटं ऑपरेशन सुचवतात. करू का?

नको. निदान आत्ता तरी नको. मी करून बसलेय म्हणून सांगते.

दीड वर्ष झालं होतं लग्नाला. तपासायला हात लावला की माझ्या मांड्या आपोआप मिटायच्या, मी टेबलावर वर वर सरकायचे. डॉक्टरीणबाई चिडल्या. पडदा जाड आहे म्हणाल्या, भूल देऊन कापला. जखम भरली आणि पुन्हा तीच भिंत. केसपेपरवर काय लिहिलं होतं? 'पेशंट सहकार्य करत नाही.' अहो, डोळ्याजवळ बोट आणलं की पापणी मिटते, ती काय असहकार करते? व्हजायनिस्मस म्हणजे तेच, खालचे स्नायू आपल्याला न विचारता आवळले जातात. 1862 मध्ये याला नाव देणाऱ्या अमेरिकेतल्या डॉक्टर मॅरियन सिम्सनेही कापाकापीच केली होती, पण त्याने पुढे काचेचा डायलेटर, म्हणजे आत ठेवून हळूहळू सैल व्हायची सवय लावणारी कांडी, तरी दिला. आमच्या बाईंनी बिल दिलं.

सुटका केली ती फिजिओथेरपिस्टने. सुरुवातीला नुसता श्वास. "लघवी सुरू करताना खालून सैल सोडता ना, तसं." केजेल, म्हणजे तेच स्नायू आवळायचे व्यायाम, करायचे नाहीत, आवळणं मला आधीच उत्तम येत होतं! मग आरसा, स्वतःचं बोट, मग करंगळीएवढा डायलेटर, भरपूर जेल लावून, रोज दहा मिनिटं. एकदा धुऊन वाळत ठेवलेला सासूबाईंना दिसला. "मेणबत्तीचा साचा का गं?" मी हो म्हटलं. एकेक जाड डायलेटर घेत चौथ्या नंबरापर्यंत पोचायला पाच महिने लागले. तोवर नवऱ्याचे 'प्रयत्न' पूर्ण बंद. निम्मी भीती तिथेच गेली. 'जरा सोसायचं असतं' म्हणणाऱ्या मावश्यांना फोनवर घेऊच नका.

हां, तुमचं हेच असेल असं नाही. जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), कापूस टेकवला तरी आग होणं, यांचे इलाज निराळे. क्वचित पडद्यातच खरा दोष असतो, तिथे ऑपरेशन लागतंच. म्हणून तपासून घ्या, पण 'थांबा' म्हटल्यावर थांबणाऱ्या डॉक्टरकडे. आणि केसपेपर मागून वाचा.

मुलगी झाल्यावर मी तो कागद घेऊन बाईंकडे गेले होते, भांडायलाच. त्यांनी कागद पाहिला, कडेवरची मुलगी पाहिली, आणि म्हणाल्या, "बघा, झाला ना ऑपरेशनचा उपयोग?"